अंगठ्याची दोरी

होडीत बसणाऱ्या बायका पुतळाची थट्टा करायच्या. बाकी सगळी मंडळी घारापुरीकडे तोंड करून बसलेली असायची आणि ही एकटी पुढच्या टोकाला, पाठ समुद्राकडे, तोंड नवऱ्याकडे. "काय हो मावशी, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी नवऱ्याला बघून पोट भरत नाही का?" असं कुणीतरी म्हणायचंच. पुतळा पदर तोंडाला लावून हसायची. "काय करू बाय, घरान असला का जेवतो नाय तं झोपतो. हितंच घावतो बगायला." मग सगळे हसायचे. मागे सुकाणूवर बसलेला गोटीरामही मान न वळवता हसायचा.

ती नवऱ्याकडे बघत नसायची. त्याच्या डोक्यावरून मागे, दिवाळे गावाच्या पाठीशी उभ्या असलेल्या डोंगराकडे तिची नजर असायची. तिच्या उजव्या मुठीत, लुगड्याच्या घोळाखाली, जाळं विणायच्या सुताची एक बारीक दोरी असायची. ती दोरी होडीच्या कडेच्या फळीखालून मागे जायची आणि गोटीरामच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली असायची.

गोटीरामला दिसत नव्हतं.

ही गोष्ट होडीत फक्त दोघांना माहीत होती आणि गावात कुणालाच नाही. गव्हाणला दिलेल्या लेकीलाही, संध्यालाही नाही. ती माहेरी आली की म्हणायची, "आये, बाबा हल्ली माझ्याकडं बघून बोलत नाय." पुतळा म्हणायची, "तुज्यावर रागावलाय. पत्र टाकत नायस म्हनून."

पुतळा मिठागरवाल्याची पोर. खाडीच्या काठावर वाढली, पण पाण्यात कधी उतरली नाही. मिठागरातलं पाणी घोट्याएवढं, त्याच्यावर तिचा विश्वास होता. लग्न होऊन दिवाळ्यात आली तेव्हा सासऱ्याची शिडाची होडी होती. त्या होडीतून मीठ जायचं, भात जायचं, पेंढा जायचा. पुतळा बंदरावर डबा घेऊन यायची, पण फळीवर पाय ठेवायची नाही. पुढे शेतं गेली, मिठागरं गेली, गावाच्या तीन बाजूंनी इमारती उभ्या राहिल्या. वाहून न्यायला माल उरला नाही. मग इमारतीतली माणसंच होडीत बसायला आली. रविवारी, सुटीच्या दिवशी, डबे आणि चटया घेऊन. घारापुरीला जायचं, झाडाखाली जेवायचं, लेणी बघायची, माकडांना हाकलायचं आणि भरतीबरोबर परत यायचं. बंदरावरच्या बाकी होड्यांना हळूहळू इंजिनं लागली. गोटीरामने लावलं नाही. "धुराचा वास घ्यायला लोक रस्त्यावर जातील की, हितं कशाला येतील?" असं तो म्हणायचा, आणि ते काही खोटं नव्हतं. फोटो काढायचा म्हणून लोक शिडाची होडी मागायचे. बंदरावर पाळी लावलेली असायची. शिडाची पाळी आली की गोटीराम धोतराचा काचा आवळून उभा राहायचा, आणि तेव्हा तो आपल्या वयापेक्षा पंधरा वर्षांनी लहान दिसायचा.

वाशीच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. थेंब दिले. म्हणाले, थेंबांनी आहे ते राहील, गेलेलं परत येणार नाही. तेव्हाच कडेचं दिसणं बरंचसं गेलं होतं. पुढच्या हंगामापर्यंत मधलंही धुरकटलं. उजेड आणि सावली कळायची, माणूस आहे की खांब हे कळायचं नाही.

"होडी इकून टाकू," पुतळा म्हणाली होती.

"मंग मी काय करू?"

"बसा घरान."

"दारान बसून कोंबऱ्या हाकलू?" मग तो म्हणाला होता, "सुकानू हाताला कलतो गो. वारा कानाला कलतो. पानी पन कलतं. फकस्त मधल्या रेतीकडं वलायचं कवा, त्या एका जागेला डोला पायजे. तो तू दे."

मधली रेती म्हणजे खाडीच्या मुखाशी पाण्याखाली पसरलेला वाळूचा पट्टा. त्याला एकाच जागी खोल वाट होती. ती वाट सापडायची खूण गोटीरामच्या आजापासून चालत आलेली. डोंगराच्या माथ्यावर एक खोबण होती, म्हशीच्या पाठीसारखी मध्ये दबलेली. होडी पुढे पुढे जाताना मागे बघत राहायचं. गावच्या देवळाचा कळस सरकत सरकत बरोबर त्या खोबणीत येऊन बसला की सुकाणू फिरवायचं. लवकर फिरवलं तर होडी रेतीवर चढते. चढली तरी मोठं संकट नसे. पुरुष मंडळी खाली उतरायची, गुडघाभर पाण्यात, टणक वाळूवर उभी राहून होडी ढकलायची, पोरं शिंपल्या वेचायची. कितीदा तर गोटीराम मुद्दाम होडी टेकवायचा, पोरांना तेवढीच मजा.

पुतळाने डोळा दिला. दोरीची एक ओढ म्हणजे डावीकडे, दोन म्हणजे उजवीकडे, आणि लांब ओढून धरली की खोबण आली, फिरव. पाण्याला भिणारी बाई दोन हंगाम दर फेरीला होडीत बसली. बसल्यापासून उतरेपर्यंत तिचा जीव मुठीत, त्या दोरीबरोबर. समोर लोक गाणी म्हणायचे, पत्ते खेळायचे, आणि ती मनातल्या मनात एकेका पोराकडे बघून घ्यायची. ते निळ्या फ्रॉकवालं कडेला किती वाकलंय. त्या बाळाच्या आईचं लक्ष कुठं आहे. यांना कुणाला माहीत नाही की आपण कुणाच्या हातात बसलोय. दर वेळी बंदराला होडी लागली की ती देवळात जाऊन पायरीवर डोकं टेकायची आणि घरी येऊन म्हणायची, "बास आता." गोटीराम म्हणायचा, "एवडा हंगाम." तो सुकाणूवर बसला की त्याचा चेहरा कसा उजळतो हे तिला दिसायचं. दिसायचं तिलाच ना. म्हणून ती पुढच्या वेळी पुन्हा दोरी मुठीत घ्यायची.

पंच्याण्णव साली पावसाळा संपला, दिवाळी झाली, आणि हंगामातली गोटीरामची पहिली पाळी लागली.

त्या दिवशी एकच कुटुंब आलं होतं. उदयसिंह नावाचा साताऱ्याकडचा माणूस, एपीएमसी मार्केटला कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर होता. अंगाने दांडगा, बोलायला मोकळा. बायको उज्वला, आणि पाच वर्षांची प्रियदर्शिनी. पोरीने बंदरावरच बापाचा हात सोडून होडीत उडी मारली.

"हिचा हात धरून बसा बाय," ती उज्वलाला म्हणाली.

"आमची लय वांड आहे मावशी. बांधूनच ठेवा तुम्ही हिला."

"ठेवू का खरंच?" पुतळाने विचारलं, आणि उज्वलाला वाटलं ही गंमत करतेय.

उदयसिंह गोटीरामजवळ जाऊन बसला. "मामा, इंजिन नाय व्हय तुमच्या होडीला? वारं पडलं तर?"

"तं तुमी फुका."

"च्यायला, गाळ्यावर दिवसभर फुकतच असतो मी, गिऱ्हाइकाच्या कानात." असा हसला की होडी हलली.

ओहोटी लागलेली, मागून गार वारा. शीड भरलं. गाव मागे सरकू लागलं. पुतळाने तोंड फिरवलं, दोरी हाताला गुंडाळली आणि डोंगराकडे पाहिलं.

डोंगराला दोन खोबणी होत्या.

पावसाळ्याआधी डोंगरावर खडी फोडायचं काम होतं, पण ते पलीकडच्या उतारावर. पावसाळाभर गावात सुरुंगांचे आवाज येत होते, भांडी थरथरत होती, पण गावातून इमारतींआड माथा दिसत नव्हता आणि मुद्दाम खाडीवर जाऊन डोंगर बघायचं कुणाला कारण नव्हतं. आता बाहेरून बघितलं तर माथ्याचा एक लचका तोडलेला. एक खोबण इकडे, एक तिकडे, दोन्ही उघड्या दगडाच्या, दोन्ही तांबूस. म्हशीची पाठ कुठली आणि सुरुंगाची कुठली हे सांगता येईना. पुतळाने डोळे बारीक केले. कळस सरकत पहिल्या खोबणीकडे येत होता. ही का ती? जुनी उजवीकडे होती. पण उजवीकडे म्हणजे कशाच्या उजवीकडे? ज्याच्या उजवीकडे ती होती तो सुळकाच गेला होता.

तिला ओरडून विचारायचं होतं. पण काय विचारणार? उदयसिंह तिथंच गोटीरामच्या खांद्याला खांदा लावून बसलेला. कळस पहिल्या खोबणीत शिरला, आणि मागे पुढे बघायला वेळ नव्हता. तिने दोरी लांब ओढून धरली.

गोटीराम क्षणभर थांबला. तिला आठवतं, तो थांबला होता. मग त्याने सुकाणू फिरवलं.

थोडं गेल्यावर होडीच्या तळाखाली कपडा फाटावा तसा आवाज झाला. होडी मंदावली, हळूच एका कुशीवर कलली आणि बसली. शीड फडफडलं.

"मधल्या रेतीवर चढलाव," गोटीराम मोठ्याने म्हणाला. आवाजात काळजी नव्हती, थोडी लाजच होती. "घाबरू नका. नेमीचा हाय. शेठ, कपरं वर करा न् उतरा. जरा ढकलली का निंगाली."

"बाबा, मी पण! मला शिंपल्या!" प्रियदर्शिनी उठली.

"चल," उदयसिंह म्हणाला. त्याने विजार गुडघ्यापर्यंत गुंडाळली, एक पाय कडेवरून बाहेर टाकला आणि पोरीला उचलून कडेवर घेतलं.

पुतळाने खाली बघितलं. पाणी झपाट्याने उतरत होतं आणि जे वर येत होतं ती रेती नव्हती. काळं, गुळगुळीत, तेल लावल्यासारखं चकाकणारं. रेतीवर नेहमी चिंबोऱ्यांची भोकं असायची, बगळ्यांच्या पायांच्या नक्षी असायच्या. इथे एक भोक नाही, एक पाऊल नाही. बगळे लांब काठावर उभे होते, मध्ये कुणी येत नव्हतं. कुठून कुठून खोदलेला गाळ कुणी तरी गेला हंगाम संपल्यावर आणून इथे ओतला होता. जुनी रेती असलीच तर त्याच्याखाली पुरुषभर खोल.

"उतरू नका!" ती ओरडली. "ही रेती नाय! गाल हाय!"

"पुतळा, गप," गोटीराम म्हणाला. "रेती हाय ती. मी जनमलो तवापासून हाय."

"नाय वो, काला गाल हाय, नुसती पेज हाय. शेठ, पाय आत घ्या!"

उदयसिंह एक पाय बाहेर, एक आत, पोर कडेवर, असा अडकला. "मामी, कुणाचं ऐकू आता? मामा काय म्हणतायत बघा."

"उतरा शेठ तुमी," गोटीराम म्हणाला. आता त्याचा आवाज चढला होता. "बायमानूस हाय ती. तिला पान्यातला काय कलतं?"

दोरीने सांगण्यासारखं हे नव्हतं. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, फिरव नाही. पुतळाने पोरीच्या लोंबणाऱ्या पायांकडे बघितलं, त्यातल्या लाल सँडलकडे.

"त्यांना दिसत नाय," ती म्हणाली. "दोन वरसं झाली. डोल्यांनी दिसत नाय त्यांना. मना दिसतंय. पाय आत घ्या."

उदयसिंहाने पाय आत घेतला. पोरीला खाली ठेवलं. शिडाची दोरी डोलकाठीवर आपटत होती तेवढाच आवाज.

मग गोटीराम उठला. सुकाणू सोडलं, हाताने कड चाचपली, आणि कुणी काही म्हणायच्या आत कडेवरून खाली उतरला. रोज पायरी उतरतो तसा.

त्याचे पाय टेकले नाहीत. गुडघे गेले, मांड्या गेल्या. पुतळाच्या मुठीतली दोरी सुर्रकन खेचली गेली आणि तळहात कापत ताणली. ती दोरी अजून त्याच्या अंगठ्याला होती, तिथे खाली, गाळात. कमरेपर्यंत गेल्यावर तो थांबला. त्याने दोन्ही हात पसरून गाळावर ठेवले, आणि त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. नवल होतं. आपल्या घराचा उंबरा कुणी काढून नेल्यासारखं.

पुढचं पुतळाला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. शिडाचं कापड काढून गाळावर पसरलं. त्यावर होडीतल्या फळ्या टाकल्या. उदयसिंह त्यावर पोटावर पडला, गोटीरामच्या काखेत हात घातले. "हलू नका मामा. जोर लावू नका. पोत्यागत पडा, पोत्यागत!" मार्केटातला माणूस, त्याला पोती ओढायची माहीत. पुतळाने मागून उदयसिंहाचे पाय धरले. उज्वला पोरीला पोटाशी गच्च धरून रडत होती. गाळ सोडताना असा आवाज करत होता की पुतळाला पुढे कित्येक दिवस भाकरीचं पीठ मळवेना. अखेर गोटीराम बाहेर आला. काळा, लोळागोळा, एका धोतरावर. होडीच्या तळाशी बसला आणि त्याने तोंड कुणाकडेच फिरवलं नाही.

भरतीला अजून अवकाश होता. ऊन चढलं. पाण्याची बाटली पोरीसाठी राखून ठेवली. उज्वला रडायची थांबली आणि मग बोलली. मोठ्याने नाही.

"आंधळ्या माणसाच्या हातात तुम्ही माझी पोर दिलीत. सगळं माहीत असून. तुम्ही आई नाही का हो?"

आहे, असं म्हणायचीही पुतळाला लाज वाटली.

"असू दे आता," उदयसिंह म्हणाला. "त्यांनीच थांबवलं ना मला."

"आधी बसवलं कुणी?"

दुपारनंतर पाणी चढलं. गोटीराम सुकाणूकडे गेला नाही. पुतळाला सुकाणू धरता येत नव्हतं. होडी तरंगली आणि नुसती गोल फिरू लागली. घारापुरीहून परतणारा गावचा सदू इंजिनाच्या होडीतून जाताना थांबला. त्याच्या होडीत माणसं भरलेली, सगळी उठून बघायला लागली. सदूने दोर टाकला. "गोटीदादा, काय झायला रं?" उज्वला बोलली. सगळं बोलली.

तशी ती शिडाची होडी त्या दिवशी दिवाळ्याच्या बंदराला दुसऱ्याच्या दोराने ओढत आली.

बंदरावर कुणी गोटीरामला टाकून बोललं नाही. कुणी जाब विचारला नाही. फक्त पाळी लावताना त्याचं नाव घ्यायचं राहून जाऊ लागलं, आणि तोही विचारायला गेला नाही. होडी ओढून वर घेतली. उन्हाने तिच्या फळ्या सुटल्या. संध्या आली, रडली, "मला का सांगितलं नाय?" म्हणाली, बापाला गव्हाणला न्यायला निघाली. तो गेला नाही. पुतळा बेलापूरच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसू लागली. एकदा समोरून उज्वला आली, पोरीचं बोट धरून. पोर बोटभर उंच झाली होती. उज्वलाने ओळखलं आणि रस्ता ओलांडला. पुतळाने पोरीला डोळे भरून बघून घेतलं आणि सुकटीवरच्या माश्या हाकलल्या.

गोटीराम रोज सकाळी भिंती चाचपत बंदरावर जायचा. पुतळाने घरापासून बंदरापर्यंत दोरी बांधू का, असं विचारलं होतं. तो म्हणाला, "दोरी नको." एवढंच. होडीच्या सावलीत पाण्याकडे पाठ करून तो बसायचा. पुतळाशी तो कामापुरता बोलायचा, आणि तिला वाटायचं, बरोबर आहे. चारचौघांत मी त्याला आंधळा म्हटलं.

ती ते सोसू शकली असती. पण दुसरं एक सांगायचं राहिलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी त्याला डबा द्यायला गेली आणि तिथेच वाळूत बसून तिने सांगून टाकलं.

"चूक तुमची नवती. डोंगराला दोन खोबनी होत्या. मी भलतीवर दोरी ओढली. लोक तुमाला नावं ठेवतात, पन आंधली मी झायली त्या दिवशी."

गोटीराम भाकरी खात होता. खातच राहिला. मग म्हणाला, "मना कलला होता."

"काय?"

"दोरी लवकर आली, ते कलला होता. पानी अजून उथल नवता वाजत, वाट यायची होती. जरा दम धरला मी."

"मंग फिरवलंत कशाला?"

"तुला दिसतं गो," तो म्हणाला. "मना नाय."

तो रागाने म्हणाला नाही. रागाने म्हणाला असता तर तिला तिथे बसता आलं असतं. ती डबा तिथेच ठेवून उठली आणि पाण्याच्या कडेने लांबवर चालत गेली.

डोंगर दर वर्षी कमी होतोय. दुपारी सुरुंगाचा भोंगा वाजतो, मग आवाज, मग गावातल्या पत्र्यांवर बारीक धूळ. गोटीरामने त्या दुपारनंतर पुन्हा कामापलीकडचं बोलायला सुरुवात केली आहे, पण एकाच गोष्टीबद्दल. पुतळा बाजारातून आली की तो विचारतो, "खोबन केवडी झायली?"

पुतळा दारात उभी राहते. इथून माथा दिसत नाही हे दोघांनाही माहीत आहे. बाजाराच्या रस्त्यावरून मात्र दिसतो. खोबण होती तिथे आता नुसतं आभाळ आहे.

"होती तेवडीच हाय," ती म्हणते.

"एवडे आवाज येतात ते?"

"ते पल्याड. आपल्या बाजूला हात नाय लावला कुनी."

गोटीराम मान हलवतो. हात पुढे करून उंबरा चाचपतो, तो जागेवर आहे ना बघतो, आणि आत जातो.